पिवळा दिवा, मोठे बिल आणि आमचे मिस्त्री

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. दुकानाचा माल पोहोचविणारी आमची पेट्रोल व्हॅन सकाळी सुरू केली आणि समोरच्या पॅनेलवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा पेटला, तो काही विझेना. गाडी चालत होती. सिग्नलला उभी राहिली की थोडी थरथरत होती, एवढेच. आम्ही ती कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये नेली. तेथील तरुणाने स्टिअरिंगखाली एक वायर जोडली, दहा मिनिटांत काढली आणि आमच्या हातात कागद ठेवला. स्कॅनिंगचे १,२०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी. खाली दुरुस्तीचे अंदाजपत्रक : ऑक्सिजन सेन्सर नवा, इंजेक्टरची सफाई, थ्रॉटल बॉडीची सफाई, कॉम्प्युटरमध्ये नवे सॉफ्टवेअर. एकूण ३४,००० रुपयांच्या घरात. नेमका बिघाड काय, असे विचारले तेव्हा "सर, सिस्टीम असंच दाखवतेय" एवढेच उत्तर मिळाले.

आम्ही स्कॅनिंगचे पैसे भरले आणि व्हॅन कुर्ल्याला, सीएसटी रोडवरील आमच्या जुन्या मिस्त्रींकडे नेली. या चाचांच्या हाताखाली आमच्या वडिलांच्या वेळची गाडीही दुरुस्त होत असे. त्यांच्या मुलाने आपल्या लहानशा यंत्रावर तोच कोड वाचला : पी ०१७१. म्हणजे इंजिनात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आहे. चाचांनी सेन्सरला हातही लावला नाही. इंजिन चालू ठेवून हवेच्या मार्गातील रबरी नळ्या त्यांनी एकेक करून दाबून पाहिल्या. एका नळीला वाकणाच्या जागी तडा गेला होता आणि तेथून जादा हवा आत ओढली जात होती. नळी १८० रुपयांची, मजुरी ४०० रुपये. दिवा विझला तो आजतागायत पुन्हा लागलेला नाही.

ही हकीकत कोणा एका सर्व्हिस सेंटरची बदनामी करण्यासाठी आम्ही सांगत नाही. अशी ठिकाणे अनेक आहेत आणि तेथे प्रामाणिक माणसेही आहेत. आमचा मुद्दा वेगळा आहे. ज्यांच्या गाड्यांवर धंदा चालतो असे आमचे व्यापारी आणि गाड्यांच्या दुरुस्तीवर ज्यांची चूल पेटते असे आमचे कारागीर, या दोघांच्याही खिशाशी आणि भवितव्याशी या पिवळ्या दिव्याचा संबंध आहे. त्याची भाषा ज्याला येत नाही तो पैसे गमावतो किंवा धंदा गमावतो. म्हणून आज हे पान त्यासाठी.

धुराचा पहारेकरी

मारुती ८०० ही गाडी १९८३ च्या डिसेंबरात बाजारात आली, तेव्हा तिच्यात कार्बुरेटर होता. इंजिन नीट चालत नसेल तर मिस्त्री कान लावून ऐकत, प्लग काढून त्याचा रंग पाहत, स्क्रू फिरवून मिश्रण बसवीत. पुढे धुरासंबंधीचे नियम कडक होत गेले. १ एप्रिल २००० पासून युरोपच्या धर्तीवरील नियम देशभर लागू झाले आणि मोटारींतून कार्बुरेटर हटून त्याच्या जागी इंजेक्टर, सेन्सर आणि कॉम्प्युटर आले. इंजिनाने स्वतःवर नजर ठेवावी आणि बिघाड झाल्यास दिवा लावून नोंद करून ठेवावी, ही व्यवस्था आपल्याकडील मोटारींना २०१० पासून टप्प्याटप्प्याने आणि २०१३ च्या एप्रिलपासून अधिक विस्तृत स्वरूपात बंधनकारक झाली. तिला ओबीडी म्हणतात. अमेरिकेत ती १९९६ सालच्या मॉडेलपासून सर्व मोटारींना सक्तीची आहे.

ही व्यवस्था मुळात कॅलिफोर्नियातील धुराच्या त्रासातून जन्मली, हे ध्यानात ठेवले पाहिजे. पिवळा दिवा हा आधी धुराचा पहारेकरी आहे, इंजिनाचा डॉक्टर नंतर. म्हणूनच कित्येकदा गाडी झकास चालत असते आणि तरी दिवा लागलेला असतो. धूर मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता दिसली की तो लागतो. बहुतेक बिघाडांच्या बाबतीत कॉम्प्युटर घाई करीत नाही. तोच दोष लागोपाठ दुसऱ्या फेरीतही दिसला तरच दिवा पेटतो, आणि पुढच्या तीन फेऱ्यांत दोष दिसला नाही तर आपोआप विझतो. कोड मात्र काही काळ आत नोंदलेला राहतो.

स्टिअरिंगच्या खाली, चालकाच्या गुडघ्याजवळ १६ पिनांचा एक सॉकेट असतो. कोड तेथून वाचतात. हा सॉकेट आणि मुख्य कोडांची भाषा जगभर जवळपास एकच आहे. कोडाचे पहिले अक्षर पी असेल तर दोष इंजिन किंवा गिअरबॉक्सचा, सी असेल तर ब्रेक-स्टिअरिंगच्या बाजूचा, बी असेल तर बॉडीचा आणि यू असेल तर कॉम्प्युटरांच्या आपसातील बोलण्याचा. त्यानंतरचा आकडा शून्य असेल तर तो कोड सर्व कंपन्यांना समान असतो; एक असेल तर तो त्या कंपनीचा स्वतःचा असतो. पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाही, ०३०२ म्हणजे दुसऱ्यात. हे समजून घ्यायला इंजिनिअरची पदवी लागत नाही. ज्याला बिलबुक वाचता येते त्याला हेही वाचता येईल.

कोड म्हणजे निदान नव्हे

सारी गफलत येथेच होते. कोड हा दोष कोठे दिसला ते सांगतो. कशामुळे झाला ते सांगत नाही. तापमापकात ताप दिसला म्हणून कोणी तापमापक बदलत नाही. पण ऑक्सिजन सेन्सरने "हवा जास्त आहे" असे कळविले की अनेक ठिकाणी ते सांगणारा सेन्सरच बदलला जातो.

आमच्या व्हॅनचाच कोड घ्या. पी ०१७१ येण्याची कारणे किती? हवेच्या नळीला तडा, हवा मोजणाऱ्या सेन्सरवर धूळ, पेट्रोल पंप कमजोर, फिल्टर तुंबलेला, इंजेक्टर चोंदलेला, सायलेन्सरच्या पाइपाला सेन्सरच्या आधी गळती. शेवटी, सेन्सर खराब. या यादीत १८० रुपयांची नळीही आहे आणि हजारोंचा पंपही. कोणते कारण खरे हे तपासल्याशिवाय समजत नाही.

दुसरा कोड पी ०४२०. हा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करीत नसल्याचा. या डब्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे मौल्यवान धातू असतात, म्हणून तो फार महाग. पण कन्व्हर्टर सहसा आपण होऊन मरत नाही. एखादा प्लग किंवा कॉइल खराब असेल तर न जळलेले पेट्रोल त्यात जाते आणि तो आतून जळतो. इंजिन ऑइल पीत असेल तरी त्याची तीच गत होते. मूळ कारण तसेच ठेवून नवा कन्व्हर्टर बसविला तर वर्ष-दोन वर्षांत तोही निकामी होतो. कधी नुसती पाइपाची गळती किंवा मागचा सेन्सरही हा कोड देतो.

आपल्या हवेचे आणि रस्त्यांचे काही खास दोष आहेत. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात वायरींच्या जोडांत पाणी शिरते, पितळी पिनांवर हिरवी बुरशी चढते. गोदामात उभ्या गाड्यांच्या वायरी उंदीर कुरतडतात. बॅटरी कमजोर झाली की एकाच वेळी चार-पाच असंबद्ध कोड येतात आणि गाडीचे सारे काही बिघडले असे वाटते. बाहेरून सीएनजी किट बसविलेल्या गाड्यांत किटचे सेटिंग बरोबर नसेल तर मिश्रणाचे कोड वारंवार येतात. अशा वेळी पहिली तपासणी बॅटरीच्या व्होल्टची, दुसरी अर्थिंगची, तिसरी वायरींच्या जोडांची आणि चौथी नळ्यांची. या चारही तपासण्यांना महागडे यंत्र लागत नाही. मल्टिमीटर, टॉर्च आणि धीर लागतो.

चालविणाऱ्याने काय करावे

आमच्या वाचकांत टेम्पोवाले, टॅक्सीवाले, कापडाची फेरी करणारे, मटण-मासळीचा माल वाहणारे असे पुष्कळ आहेत. दिवा लागला की ते दोनपैकी एक टोक गाठतात. कोणी घाबरून तेथेच गाडी टोचन करतो, तर कोणी दिव्यावर काळी पट्टी चिकटवून वर्षभर चालवितो. दोन्ही चूक.

लाल आणि पिवळा यांत फरक करा. ऑइलच्या बुधलीचा लाल दिवा लागला किंवा इंजिन तापल्याचा लाल दिवा लागला तर गाडी सुरक्षित जागी बाजूला घेऊन इंजिन ताबडतोब बंद करावे. येथे "पुढच्या पंपापर्यंत जाऊ" म्हणणाऱ्याला इंजिन उघडण्याचा खर्च येतो. तापलेल्या रेडिएटरचे झाकण लगेच उघडू नये. अंगावर उकळते पाणी उडते.

इंजिनाचा पिवळा दिवा स्थिर असेल आणि गाडी नेहमीप्रमाणे चालत असेल तर त्या दिवसाचा माल पोहोचवून दोन-चार दिवसांत तपासणी केली तरी चालते. पण तोच दिवा लुकलुकत असेल तर एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल न जळता बाहेर जात आहे आणि कन्व्हर्टर जळण्याच्या बेतात आहे असे समजावे. वेग व भार कमी करावा, आणि गाडी पुढे न रेटता शक्य तितक्या लवकर थांबवून मिस्त्रीला बोलवावे. अशा वेळी एक कॉइल वाचविण्याच्या नादात कन्व्हर्टर जातो.

एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी अडविणारा एक फिल्टर असतो. तो भरला की आतली काजळी जाळून स्वतः साफ होतो, पण त्यासाठी गाडी काही वेळ सलग, बऱ्या वेगात चालावी लागते. ज्यांची डिझेल गाडी दिवसभर बाजारपेठेत दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारते, त्यांचा फिल्टर साफ होण्याआधीच इंजिन बंद होते. याचा वेगळा दिवा असतो. तो लागला की गाडीच्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणे हमरस्त्यावर चालवून आणावी. हे दुर्लक्षिले तर फिल्टर चोंदतो आणि मग बिल खरोखरच मोठे येते. ज्याचा सारा धंदा गल्लीबोळातला आहे त्याने नवी गाडी घेतानाच डिझेलऐवजी पेट्रोल किंवा सीएनजीचा विचार करावा, असे आमचे मत आहे.

कायदा कोणाच्या बाजूने?

सर्व्हिस सेंटरचा सर्वांत मोठा धाक म्हणजे वॉरंटी. "बाहेर काम केलेत तर वॉरंटी गेली" हे वाक्य ऐकले नाही असा गाडीवाला सापडणे कठीण. याबाबतीत वाचकांनी एक निकाल जरूर लक्षात ठेवावा.

सुटे भाग आणि तपासणीची यंत्रे बाहेरच्या गॅरेजांना मिळत नाहीत, त्यामुळे गाडीमालक कंपनीच्या दारात बांधला जातो, अशी तक्रार एका ग्राहकाने २०११ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडे केली. चौकशी वाढत गेली. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग, तपासणीची यंत्रे आणि तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजांना उपलब्ध करून द्या, असे आयोगाने सांगितले. केवळ बाहेरच्या मिस्त्रीकडे काम केले म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालता येणार नाही. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जो बिघाड झाला असेल तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असेही म्हटले. कंपन्या अपिलात गेल्या. २०१६ च्या डिसेंबरात अपील न्यायाधिकरणाने तीन कंपन्यांच्या प्रकरणात आयोगाचा निष्कर्ष कायम ठेवला, दंडाची रक्कम मात्र घटविली. म्हणजे कागदावर तत्त्व मान्य झाले आहे. गॅरेजच्या दारापर्यंत ते पुरते पोहोचलेले नाही.

ही लढाई आपल्याच देशात आहे असे नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ मध्ये मतदारांनी मोठ्या बहुमताने दुरुस्तीच्या हक्काचा कायदा संमत केला आणि २०१४ मध्ये मोटार कंपन्यांनी त्याच धर्तीवर साऱ्या देशासाठी करार मान्य केला. युरोपात २००७ च्या नियमाने दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना देणे बंधनकारक केले. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक खात्याने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्यासाठी संकेतस्थळ सुरू केले. त्यात मोटारींचाही समावेश आहे.

ज्याला आपली फसवणूक झाली असे वाटते त्याने भांडत बसू नये. लेखी अंदाजपत्रक, कोडांचा छापील कागद आणि बदललेला जुना भाग मागून घ्यावा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तेवढ्याने काम झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणाला तेथे फी नाही. मात्र व्यापारी बंधूंनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ग्राहक कायद्यात निव्वळ व्यापारी कारणासाठी सेवा घेणारा "ग्राहक" धरला जात नाही; स्वतःच्या श्रमाने पोट भरण्यासाठी गाडी चालविणाऱ्याला सवलत आहे. दहा टेम्पो भाड्याने देणारा आणि एकच टेम्पो स्वतः चालविणारा यांची गणना तेथे वेगळी होते.

मिस्त्री बंधूंना दोन कडू शब्द

येथवर सर्व दोष कंपन्यांच्या माथी मारला. आता आरशात पाहू.

मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड असो की पुण्यातील नाना पेठ, गॅरेज आणि सुट्या भागांच्या धंद्यात आमच्या समाजाची माणसे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. शाळा अर्धवट सोडलेला मुलगा उस्तादाच्या हाताखाली पाना धरायला शिकला आणि दहा वर्षांनी स्वतःचे शटर उघडून बसला, अशी उदाहरणे प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. हा हुनर कोणी खैरात म्हणून दिलेला नाही, हातांनी कमावलेला आहे. पण तो आज धोक्यात आहे आणि त्याला केवळ कंपन्यांचे कारस्थान जबाबदार नाही.

आजही अनेक गॅरेजांत दिवा विझविण्याचा उपाय म्हणजे बॅटरीची वायर काढून दहा मिनिटांनी लावणे. काही ठिकाणी तर दिव्याची वायरच कापतात. गिऱ्हाईक खूश होऊन जातो आणि आठवड्याने परत येतो. वायर काढल्याने कोड पुसला जातो, आणि दोष घडला त्या क्षणी इंजिनाचा वेग किती, तापमान किती, भार किती याची कॉम्प्युटरने जपलेली नोंदही पुसली जाते. चोर पकडायला आलेल्या माणसाने आधी पायाचे ठसे पुसावेत, तसे हे झाले. दिवा विझविणे म्हणजे दुरुस्ती नव्हे.

दुसरे म्हणजे, कोड वाचण्याचे प्राथमिक यंत्र आता बाजारात हजार-दीड हजार रुपयांच्या आत मिळते आणि मोबाइलवर चालते. ते सगळे काही करीत नाही. एअरबॅग, एबीएस, चावीचे प्रोग्रामिंग यांना मोठे यंत्र लागते, आणि अलीकडच्या काही गाड्यांत कंपन्यांनी कॉम्प्युटरलाच कुलूप घातले आहे. तरी इंजिनाच्या नेहमीच्या तक्रारींना लहान यंत्र बऱ्याच अंशी पुरते. जो मिस्त्री दोन हजारांचा जॅक घेताना मागेपुढे पाहत नाही, त्याने एवढ्या यंत्राला घाबरावे याचे आम्हाला नवल वाटते.

मोठे स्कॅनर महाग आहेत, हे खरे. त्यांचे सॉफ्टवेअर दरवर्षी नवे घ्यावे लागते. एकट्या गॅरेजला ते झेपणार नाही. मग एका रस्त्यावरील पाच गॅरेजांनी मिळून एक यंत्र का घेऊ नये? प्रत्येकाने भाग टाकावा, वापराची वही ठेवावी, प्रत्येक वापराला ठरावीक रक्कम जमा करावी आणि त्यातून सॉफ्टवेअरचा वार्षिक खर्च भागवावा. कर्जाच्या हप्त्याखाली कोणालाच यावे लागणार नाही. शेजारचा गॅरेजवाला आपले गिऱ्हाईक पळवील ही भीती सोडली पाहिजे. आज गिऱ्हाईक शेजारच्या गॅरेजकडे कमी आणि कंपनीच्या काचेच्या इमारतीकडे जास्त जात आहे.

तिसरी गोष्ट शिक्षणाची. उस्तादाचा कान आणि मुलाचे यंत्र एकत्र आले तर काय होते ते आम्ही कुर्ल्याला पाहिले. त्या मुलाने आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम केला आहे. मुलाने कोड वाचला, बापाने नळी शोधली. ज्यांची मुले गॅरेजमध्ये येणार आहेत त्यांनी मुलांना सरळ पान्याला जुंपू नये. आधी आयटीआयची दोन वर्षे द्यावीत. प्रमाणपत्र जवळ असले की बँकेच्या दारातही बोलता येते. दुचाकीच्या मिस्त्रींनी तर अधिक जागे व्हावे. २०२० पासून नव्या मोटारसायकली व स्कूटर यांतही इंजेक्टर आणि कॉम्प्युटर आला आहे. त्यांचा सॉकेट मोटारीपेक्षा वेगळ्या आकाराचा असतो आणि जोडवायर लागते, पण पद्धत तीच आहे.

सरकारनेही या कारागिरांकडे पाहिले पाहिजे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. त्यात लोहार आहे, कुलूप बनविणारा आहे, शिंपी आणि न्हावीही आहे. मोटार मेकॅनिक मात्र नाही. ज्याच्या जोरावर शहरातील टॅक्सी आणि गावातील जीप चालते, तो कारागीर नव्हे काय? गॅरेजवाल्यांच्या संघटनांनी ही मागणी आपल्या आमदार-खासदारांकडे लेखी केली पाहिजे.

निदानाची मजुरी द्या

आता व्यापारी बंधूंकडे वळतो. आपल्याकडे गाडीवाला भागाचे पैसे देतो, हात काळे केल्याचे पैसे देतो, पण डोके चालविल्याचे पैसे देत नाही. मिस्त्रीने दोन तास तपासून फक्त एक सैल वायर घट्ट केली तर "एवढ्याचे काय पैसे?" म्हणून आपण पन्नासची नोट पुढे करतो. त्याच माणसाने न तपासता पाच हजारांचा सेन्सर बदलला असता तर आपण निमूटपणे पैसे मोजले असते. मग मिस्त्रीने भाग बदलण्याचा धंदा का करू नये? सर्व्हिस सेंटरमध्ये १,२०० रुपये स्कॅनिंगला भरणारे आम्हीच कुर्ल्याला ४०० रुपये मजुरी ऐकून क्षणभर थबकलो होतो, हे येथे कबूल करतो.

सर्व्हिस सेंटर तपासणीचे पैसे घेते यात आम्हाला गैर वाटत नाही. यंत्र, जागा, शिकलेली माणसे यांना खर्च असतो. आमची तक्रार अशी की पैसे तपासणीचे घेतले जातात आणि मिळतो तो नुसता कोड. उलट आमचे मिस्त्री तपासणी करतात आणि पैसे मागायला लाजतात. हे दोन्ही बदलले पाहिजे. गॅरेजमध्ये तपासणीचा दर पाटीवर लिहावा. काय तपासले, काय सापडले, काय बदलले हे बिलावर लिहून द्यावे. गिऱ्हाइकानेही तो दर घासाघीस न करता द्यावा. ज्या दिवशी योग्य निदानाला भागाइतकीच किंमत येईल, त्या दिवशी निम्मे भाग विनाकारण बदलले जाणे थांबेल.

गाडी खरेदी-विक्री करणाऱ्यांसाठी एक सूचना. जुनी गाडी पाहताना चावी फिरवा, पण इंजिन सुरू करू नका. या वेळी पिवळा दिवा लागलाच पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. चावी फिरवूनही तो लागत नसेल तर कोणीतरी त्याचे तोंड बंद केले आहे असे समजा. यंत्र लावल्यावर कोड दिसत नाही, पण कॉम्प्युटरच्या अंतर्गत तपासण्या अपूर्ण दिसतात, तर कोड नुकताच पुसला असण्याची किंवा बॅटरी नुकतीच काढली असण्याची शक्यता आहे. गाडी काही दिवस चालवून पुन्हा तपासल्याखेरीज सौदा करू नका. आणि विकणाऱ्यांनीही हे ऐकावे : दिवा विझवून गाडी खपविणे हा सौदा नव्हे, ती फसवणूक आहे. मालातील ऐब लपवू नये हे आपल्याला वेगळे सांगायची गरज नाही.

गॅरेजमध्ये सोडलेली गाडी ही मालकाची अमानत असते, आणि मिस्त्रीची मेहनत ही मालकावरची देणेदारी. दोन्ही बाजूंनी एवढे पाळले तर कंपनीच्या बिलाचा धाक निम्म्याने कमी होईल. राहिलेला निम्मा शिकल्याने कमी होईल. पुढच्या वेळी आपल्या गाडीत पिवळा दिवा लागला तर आधी कोडाचा कागद मागा, मग कारण विचारा, आणि कारण दाखविल्याशिवाय एकही भाग बदलू देऊ नका. ज्या मिस्त्रीने कारण दाखविले, त्याची तपासणीची मजुरी मात्र हसत द्या.